दुसरे लँग मंत्रिमंडळ

दुसरे लँग मंत्रिमंडळ हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे ४ नोव्हेंबर १९३० ते १३ मे १९३२ या काळातील मंत्रिमंडळ होते. मजूर पक्षाचे नेते जॉन थॉमस उर्फ जॅक लँग हे त्याचे प्रमुख होते. राज्याचे गव्हर्नर सर फिलिप गेम यांनी हे मंत्रिमंडळ बडतर्फ केले. विधानसभेत स्पष्ट बहुमत असलेले सरकार राजप्रतिनिधीने काढून टाकण्याची ही घटना ऑस्ट्रेलियाच्या घटनात्मक इतिहासात महत्त्वाची मानली जाते. महामंदीच्या काळात परदेशी कर्जावरील व्याज आधी द्यायचे की राज्यातील बेकारांना आधी साहाय्य करायचे, हा या संघर्षातील मूळ प्रश्न होता. निवडून आलेल्या सरकारचे कृत्य बेकायदा आहे हे कोणी ठरवायचे, हा दुसरा प्रश्न त्यातून पुढे आला.

ऑस्ट्रेलियात राज्याच्या सरकारप्रमुखास प्रीमियर म्हणतात. हे पद भारतातील मुख्यमंत्रिपदाशी मिळतेजुळते आहे. राज्याचा गव्हर्नर हा राजाचा प्रतिनिधी असतो. त्या काळी राज्यांच्या गव्हर्नरांची नेमणूक ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने होत असे.

पार्श्वभूमी

जॅक लँग यांचा जन्म २१ डिसेंबर १८७६ रोजी सिडनी येथे झाला. सिडनीच्या पश्चिमेकडील ऑबर्न या उपनगरात ते जमीन व घरे यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करीत. १९१३ साली ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. १९२० ते १९२२ या काळात ते राज्याचे अर्थमंत्री होते, तर १९२३ साली राज्यातील मजूर पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. उंच, धिप्पाड देहयष्टी आणि करारी वक्तृत्व यांमुळे समर्थकांत ते 'बिग फेला' या टोपणनावाने ओळखले जात.

१९२५ ते १९२७ या काळात त्यांचे पहिले मंत्रिमंडळ सत्तेवर होते. विधवांना निवृत्तिवेतन, कामावर जखमी झालेल्या कामगारांना नुकसानभरपाई, मुलांच्या संगोपनासाठी कुटुंबभत्ता आणि ४४ तासांचा कामाचा आठवडा हे त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख निर्णय होते. सरकारी माध्यमिक शाळांतील शुल्कही त्याने रद्द केले. विधान परिषद बरखास्त करण्याचा प्रयत्न मात्र फसला. परिषदेचे सदस्य नियुक्त व आजीव असत, आणि मजूर पक्षाची अनेक विधेयके तेथे अडत. त्यासाठी तत्कालीन गव्हर्नर सर डडली डी चेअर यांच्याकडून २५ नवे सदस्य नेमून घेण्यात आले. परंतु पक्षाच्याच काही सदस्यांनी ऐनवेळी साथ दिली नाही आणि परिषद टिकून राहिली. १९२७च्या निवडणुकीत लँग यांचा पराभव होऊन टॉमस बेव्हिन यांचे सरकार आले. या सरकारने १९२९ साली राज्यघटना कायद्यात '७अ' हे कलम घातले. त्यानुसार सार्वमताशिवाय विधान परिषद बरखास्त करता येणार नव्हती.

आर्थिक संकट

१९२०च्या दशकात रेल्वे, रस्ते, पाणीपुरवठा आणि सिडनी हार्बर पूल अशा कामांसाठी न्यू साउथ वेल्सने लंडनच्या बाजारातून मोठी कर्जे उचलली होती. १९२९ साली नवी कर्जे मिळणे बंद झाले. त्याच सुमारास लोकर व गहू या मुख्य निर्यात मालाचे भाव कोसळले. उत्पन्न घटले, पण व्याजाचे हप्ते पौंडांत ठरलेले असल्याने त्यांचा भार होता तेवढाच राहिला. बेकारी झपाट्याने वाढली. १९३२पर्यंत ऑस्ट्रेलियातील कामगार संघटनांच्या सदस्यांपैकी जवळजवळ ३० टक्के बेकार होते. घरभाडे न भरता आल्याने बेघर झालेली कुटुंबे सिडनीच्या परिसरात पत्रे व गोणपाट यांच्या झोपड्या उभारून राहत. ला पेरूझ येथील 'हॅपी व्हॅली' ही अशीच एक वस्ती होती.

१९३० साली बँक ऑफ इंग्लंडचे सर ऑटो निमेयर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आले. सरकारांनी अंदाजपत्रके संतुलित करावीत, खर्च व वेतने कमी करावीत आणि कर्जफेडीत कसूर करू नये, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. ऑगस्ट १९३०मध्ये मेलबर्न येथील परिषदेत पंतप्रधान जेम्स स्कलिन यांचे संघीय सरकार आणि सर्व राज्यांची सरकारे यांनी हा सल्ला मान्य केला. न्यू साउथ वेल्सच्या वतीने बेव्हिन यांनी या परिषदेत संमती दिली होती.

१९३०ची निवडणूक

२५ ऑक्टोबर १९३० रोजी झालेल्या निवडणुकीत लँग यांनी निमेयर यांच्या सल्ल्याविरुद्ध आणि वेतनकपातीविरुद्ध प्रचार केला. मजूर पक्षाला सुमारे ५५ टक्के मते आणि ९०पैकी ५५ जागा मिळाल्या. या निकालामुळे मेलबर्नचा करार राज्यातील मतदारांनी नाकारला आहे, अशी भूमिका नव्या सरकारने घेतली. पुढील सर्व संघर्षात लँग याच जनादेशाचा आधार देत राहिले.

रचना

लँग यांनी प्रीमियरपदाबरोबर अर्थखातेही स्वतःकडे ठेवले. त्यामुळे कर्ज, व्याज व बँका यांविषयीचे सर्व निर्णय त्यांच्याच हाती एकवटले. कोळसा खाण कामगारांच्या चळवळीतून आलेले जॅक बॅडली यांच्याकडे खाणी व कामगार ही खाती होती. विल्यम डेव्हिस यांच्याकडे शिक्षण खाते होते. विल्यम मकेल यांनी प्रथम स्थानिक शासन व नंतर न्याय या खात्यांचे काम पाहिले. अँड्र्यू लायसाट हे आरंभी ॲटर्नी जनरल होते; १९३१ साली ते पद जोसेफ लमारो यांच्याकडे गेले. मंत्रिमंडळातील मकेल आणि जेम्स मगर हे दोघे पुढे स्वतः राज्याचे प्रीमियर झाले.

अंतर्गत धोरणे

मंत्रिमंडळाने ४४ तासांचा आठवडा पुन्हा लागू केला. गहाणदारांना घरे व शेतजमिनी तत्काळ जप्त करता येऊ नयेत म्हणून तहकुबीचा कायदा करण्यात आला. भाडेकरूंना घराबाहेर काढण्याची कारवाई पुढे ढकलण्यासाठीही कायदा झाला. रुग्णालयांना निधी मिळावा म्हणून १९३१ साली राज्य लॉटरी सुरू करण्यात आली.

या उपायांना मर्यादा होत्या. जून १९३१मध्ये बँक्सटाउन व न्यूटाउन या उपनगरांत भाडेकरूंना बाहेर काढण्यास विरोध करणारे बेकार कामगार आणि पोलीस यांच्यात हिंसक चकमकी झाल्या. पोलीस लँग सरकारच्याच अखत्यारीत असल्याने कामगार चळवळीच्या डाव्या गटांनी सरकारवर टीका केली.

एप्रिल १९३१मध्ये ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी मोठी गर्दी केल्यामुळे 'गव्हर्नमेंट सेव्हिंग्ज बँक ऑफ न्यू साउथ वेल्स' या सरकारी बचत बँकेला व्यवहार थांबवावे लागले. लाखो सामान्य ठेवीदारांची बचत त्यामुळे अडकली. लँग यांच्या कर्जविषयक वक्तव्यांमुळे ठेवीदार घाबरले, असा विरोधकांचा आरोप होता. विरोधकांनीच अफवा पसरवून बँक बुडवली, असे लँग समर्थकांचे म्हणणे होते. पुढे ही बँक कॉमनवेल्थ बँकेत विलीन करण्यात आली.

लँग योजना

फेब्रुवारी १९३१मध्ये सर्व राज्यांच्या प्रीमियरांच्या परिषदेत लँग यांनी स्वतःची योजना मांडली. ती 'लँग योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे तीन मुद्दे होते:

१. पहिल्या महायुद्धातील कर्जाबाबत अमेरिकेने ब्रिटनला जशी सवलत दिली, तशी सवलत ब्रिटन ऑस्ट्रेलियाला देत नाही तोपर्यंत ब्रिटिश रोखेधारकांना व्याज देऊ नये.
२. ऑस्ट्रेलियातील सरकारी कर्जावरील व्याजाचा दर ३ टक्क्यांपर्यंत खाली आणावा.
३. चलन सुवर्णावर आधारित न ठेवता देशात निर्माण होणाऱ्या मालाच्या मूल्यावर आधारावे.

परिषदेने ही योजना फेटाळली. सरकारी गुंतवणूकदार, बँका व वृत्तपत्रे यांनी तिला कर्जबुडवेपणा ठरवले. समर्थकांच्या मते मात्र कर्जावरील व्याज हाही एक खर्चच होता. मजुराचे वेतन व विधवेचे निवृत्तिवेतन कापता येते, तर सावकाराचे व्याजही कापता आले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या योजनेवरून मजूर पक्षात फूट पडली. मार्च १९३१मध्ये ईस्ट सिडनी मतदारसंघाच्या संघीय पोटनिवडणुकीत एडी वॉर्ड हे लँग योजनेचा पुरस्कार करून विजयी झाले. संघीय मजूर पक्षाने त्यांना आपल्या संसदीय गटात घेण्यास नकार दिला. जॅक बीझली यांच्या नेतृत्वाखाली लँग समर्थक खासदारांचा स्वतंत्र गट तयार झाला आणि पक्षाची न्यू साउथ वेल्स शाखा संघीय पक्षातून बाहेर काढली गेली.

जून १९३१मध्ये संघीय सरकार व राज्ये यांनी 'प्रीमियर्स प्लॅन' नावाची तडजोड स्वीकारली. तीत वेतने व निवृत्तिवेतने यांसह सरकारी खर्चात २० टक्के कपात, करवाढ आणि देशांतर्गत कर्जावरील व्याजात साडेबावीस टक्के कपात यांचा समावेश होता. लँग यांनी नाखुषीने त्यावर सही केली. नोव्हेंबर १९३१मध्ये बीझली गटाने विरोधकांबरोबर मतदान करून स्कलिन सरकारचा पराभव घडवला. डिसेंबरमधील निवडणुकीत जोसेफ लायन्स यांचा युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्ष विजयी झाला. अशा रीतीने लँग समर्थकांच्याच मतांमुळे कॅनबेरात लँग यांच्या दृष्टीने अधिक कठोर सरकार आले.

विधान परिषदेचा वाद

१९२९चे '७अ' कलम रद्द करणारे आणि विधान परिषद बरखास्त करणारे अशी दोन विधेयके विधिमंडळाने सार्वमताशिवाय संमत केली. त्यांवर गव्हर्नरची संमती घेण्यास परिषदेच्या काही सदस्यांनी न्यायालयात आव्हान दिले. हा खटला 'ट्रेथोवन खटला' म्हणून ओळखला जातो. १९३१ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने सार्वमत आवश्यक असल्याचा निकाल दिला. मे १९३२च्या अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला; तोवर लँग सत्तेबाहेर गेले होते.

परिषदेत पुरेसे समर्थक मिळावेत म्हणून लँग यांनी गव्हर्नर गेम यांच्याकडे मोठ्या संख्येने नवे सदस्य नेमण्याची मागणी वारंवार केली. गेम यांनी ती बराच काळ मान्य केली नाही. नोव्हेंबर १९३१मध्ये मात्र त्यांनी २५ सदस्यांची नेमणूक केली. या निर्णयाबद्दल लँग विरोधकांनी गेम यांच्यावर तीव्र टीका केली. निवृत्त हवाई दल अधिकारी असलेले गेम हे मे १९३०पासून गव्हर्नर होते. मंत्रिमंडळ बडतर्फ करण्याची मागणी करणारे अर्ज त्यांच्याकडे येत असत. विधानसभेत बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणे हे आपले कर्तव्य आहे, अशी भूमिका त्यांनी या काळात ठेवली.

न्यू गार्ड आणि हार्बर पुलाचे उद्घाटन

१९३१ साली वकील एरिक कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली 'न्यू गार्ड' ही निमलष्करी धाटणीची संघटना स्थापन झाली. साम्यवादाला व लँग सरकारला विरोध हे तिचे उद्दिष्ट होते. माजी सैनिक आणि मध्यमवर्गीय यांचा तीत मोठा भरणा होता. १९ मार्च १९३२ रोजी सिडनी हार्बर पुलाचे उद्घाटन झाले. राजघराण्यातील व्यक्तीऐवजी प्रीमियरने फीत कापण्याचे ठरले होते. लँग फीत कापण्यापूर्वीच न्यू गार्डचे सदस्य फ्रान्सिस डी ग्रूट यांनी घोड्यावरून पुढे येऊन तलवारीने ती तोडली. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, फीत पुन्हा बांधण्यात आली आणि लँग यांनी ती कापली. डी ग्रूट यांना पुढे ५ पौंड दंड झाला.

संघीय सरकारशी संघर्ष

१९२७चा वित्तीय करार आणि १९२८च्या सार्वमताने संघीय राज्यघटनेत आलेले कलम '१०५अ' यांमुळे राज्यांची कर्जे संघीय सरकारने स्वीकारली होती. राज्यांनी आपला वाटा संघीय सरकारकडे भरायचा होता. १ एप्रिल १९३१ रोजी लँग सरकारने लंडनमधील व्याजाचा हप्ता भरला नाही. संघीय सरकारने तो भरला आणि रकमेसाठी राज्याविरुद्ध दावा लावला. १९३२च्या आरंभी राज्याने पुन्हा हप्ते चुकवले.

लायन्स सरकारने मार्च १९३२मध्ये वित्तीय करारांच्या अंमलबजावणीचा कायदा केला. या कायद्याने थकबाकीदार राज्याचा महसूल परस्पर ताब्यात घेण्याचा अधिकार संघीय सरकारला मिळाला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने हा कायदा बहुमताने वैध ठरवला. राज्याचा पैसा संघीय सरकारच्या हाती लागू नये म्हणून लँग यांनी राज्याची रक्कम बँकांतून रोखीने काढून घेतली. जमा होणारा महसूल बँकेत न भरता थेट राज्याच्या कोषागारात आणावा, असे परिपत्रक खातेप्रमुखांना पाठवण्यात आले. कर्मचाऱ्यांची वेतने आणि बेकारांचे साहाय्य यांसाठी राज्याला पैसा आवश्यक आहे, असे त्यामागील समर्थन होते. संघीय कायदा पाळावा की प्रीमियरचा आदेश, अशा पेचात सरकारी अधिकारी सापडले.

याच वेळी सरकारने गहाणांवर १० टक्के कर बसवणारे विधेयक विधिमंडळात रेटले. या कराचा मुख्य भार बँका, विमा कंपन्या व इतर वित्तसंस्था यांवर पडणार होता. संघीय सरकारने त्याला तातडीने विरोध केला. या विधेयकाचा कायदा होण्यापूर्वीच मंत्रिमंडळ संपुष्टात आले.

बडतर्फी

मे १९३२मध्ये गव्हर्नर गेम यांनी संबंधित परिपत्रकाबाबत लँग यांच्याकडे विचारणा केली. हे परिपत्रक संघीय कायद्याचा भंग करते, असे त्यांचे मत होते. परिपत्रक कायदेशीर असल्याचे दाखवावे अथवा ते मागे घ्यावे, असे त्यांनी सुचवले. लँग यांनी परिपत्रक मागे घेण्यास नकार दिला. कायदा मोडल्याशिवाय राज्याचा कारभार चालवता येत नसेल तर राजीनामा द्यावा, ही गव्हर्नरची सूचनाही त्यांनी मानली नाही. शुक्रवार, १३ मे १९३२ रोजी गेम यांनी मंत्रिमंडळ बडतर्फ केले.

विरोधी पक्षनेते बर्ट्राम स्टीव्हन्स यांना सरकार बनवण्यास सांगण्यात आले आणि विधानसभा विसर्जित झाली. राज्यात या काळात दंगलीची व सशस्त्र संघर्षाची भीती व्यक्त होत होती. प्रत्यक्षात लँग यांनी निर्णय शांतपणे स्वीकारला आणि सत्तांतर रक्तपाताशिवाय पार पडले. ११ जून १९३२च्या निवडणुकीत लँग यांच्या पक्षाच्या जागा ५५वरून २४वर आल्या. तरीही त्यांना सुमारे ४० टक्के मते मिळाली.

परिणाम

स्टीव्हन्स सरकारने संघीय सरकारशी जुळवून घेऊन प्रीमियर्स प्लॅन राबवला. १९३३च्या सार्वमतानंतर विधान परिषदेची पुनर्रचना होऊन तिचे सदस्य दोन्ही सभागृहांतील सदस्यांकडून निवडले जाऊ लागले. न्यू गार्डचा प्रभाव लँग यांच्या पतनानंतर झपाट्याने ओसरला. गेम यांची गव्हर्नरपदाची मुदत १९३५ साली संपली आणि पुढे ते लंडनचे पोलीस आयुक्त झाले.

लँग १९३९पर्यंत राज्यातील मजूर पक्षाचे नेते राहिले. त्या वर्षी मकेल यांनी त्यांना नेतृत्वावरून दूर केले. १९४१ साली मकेल यांच्या नेतृत्वाखाली पक्ष पुन्हा सत्तेवर आला. १९४३ साली लँग यांची पक्षातून हकालपट्टी झाली. १९४६ ते १९४९ या काळात ते संघीय संसदेचे सदस्य होते. १९७१ साली त्यांना पक्षात पुन्हा प्रवेश देण्यात आला. २७ सप्टेंबर १९७५ रोजी, वयाच्या ९८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

बडतर्फीच्या समर्थकांच्या मते कायद्याचा उघड भंग करणाऱ्या मंत्रिमंडळाला गव्हर्नरने पाठीशी घालणे अशक्य होते; शिवाय अंतिम निर्णय मतदारांकडेच सोपवण्यात आला आणि त्यांनी लँग यांना नाकारले. टीकाकारांच्या मते परिपत्रक बेकायदा आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा होता, आणि न्यायालयाने त्याबाबत काहीही ठरवण्याआधीच गव्हर्नरने स्वतः निवाडा केला. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एच. व्ही. एव्हॅट यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'द किंग अँड हिज डोमिनियन गव्हर्नर्स' या ग्रंथात या प्रकरणाची चर्चा केली आहे. राजप्रतिनिधीचे राखीव अधिकार संदिग्ध संकेतांवर न सोडता निश्चित नियमांत बांधावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आर्थिक धोरणाबाबतही मतभेद आहेत. लँग योजनेमुळे राज्याची पत घसरली आणि ठेवीदारांचे नुकसान झाले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार, मंदीचा भार रोखेधारकांनीही उचलावा ही लँग यांची मागणी अवास्तव नव्हती; देशांतर्गत रोख्यांवरील व्याज कमी करून प्रीमियर्स प्लॅननेही तिचा काही अंश स्वीकारला होता.

११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांचे सरकार बडतर्फ केले, तेव्हा १९३२च्या घटनेचा दाखला पुन्हा चर्चेत आला. दोन्ही प्रकरणांत फरक आहे. व्हिटलम यांच्या बाबतीत सिनेटने अंदाजपत्रकीय विधेयके अडवल्याने पेच उद्भवला होता. लँग यांच्या बाबतीत निधी नाकारला गेला नव्हता, तर सरकारी कृतीच्या वैधतेचा प्रश्न होता. राज्यांच्या गव्हर्नरांच्या नेमणुकीतील ब्रिटिश सरकारची भूमिका १९८६च्या ऑस्ट्रेलिया कायद्याने संपुष्टात आली. मंत्रिमंडळ बडतर्फ करण्याचा राखीव अधिकार मात्र रद्द झालेला नाही, त्यामुळे त्याच्या मर्यादांच्या चर्चेत दुसऱ्या लँग मंत्रिमंडळाचे उदाहरण आजही दिले जाते.